ओल्या लुगड्याखाली

लहानपणी मला सगळ्यात जास्त भीती आबांची वाटायची. पालीची, विजेची, गणिताच्या बाईंचीही वाटायची, पण आबांचा नंबर पहिला. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. जबलपूरला संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत त्यांनी अख्खी नोकरी मशीनवर काढली आणि रिटायर झाल्यावर तिथल्याच महाराजपूरला दोन खोल्या आणि पुढे पडवी एवढं घर बांधलं. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय त्यांना लागलेली होती. ते साधं "पानी आन" म्हणाले तरी माझ्या हातातलं भांडं निसटायचं. ते कधी कुणावर हात उगारत नसत. त्यांना त्याची गरजच पडत नसे.

आबा भंडारा जिल्ह्यातलं गाव सोडून जबलपूरला कामाला लागले तेव्हा दोन्ही ठिकाणं एकाच राज्यात होती. पुढे राज्यांची फेररचना झाली. गाव महाराष्ट्रात गेलं, आबा मध्य प्रदेशात राहिले. मोठे काका तिथेच शिकले, तिथेच रेल्वेत लागले. माझे वडील आणि आत्या मात्र नागपूरला येऊन स्थिरावले. म्हणून वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेला, सगळ्यांनी जबलपूरच्या घरी जमायचं असा आबांचा हुकूम होता. शाळेला सुट्टी लागलेली असायची. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ, आत्या आणि तिचा मुलगा, असे आम्ही गोंदियाहून छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीत बसायचो. ती गाडी साल-सागाच्या जंगलातून इतकी हळू जायची की आतेभाऊ उतरून तिच्याबरोबर पळून दाखवायचा आणि आत्या खिडकीतून ओरडत राहायची.

आतेभाऊ बारा वर्षांचा होता आणि कशालाच भीत नव्हता. मी नऊ वर्षांची, माझा भाऊ पाच. जबलपूरला आम्हाला भेटायची काकांची मुलगी, म्हणजे माझी चुलतबहीण. ती माझ्याच वयाची. तिला आमचं सगळं बोलणं कळायचं, पण उत्तर ती हिंदीत द्यायची. आजी तिला म्हणायची, "अवं, मराठीत बोल नं," आणि ती म्हणायची, "बोल तो रही हूँ, दादी." आम्ही चौघं पडवीत एका ओळीत झोपायचो. पौर्णिमेला सकाळी पांढरे कपडे घालून वस्तीतल्या विहारात जायचो, वंदना म्हणायचो आणि घरी येऊन इतकी खीर खायचो की दुपारी कुणाला हलता येत नसे.

दुसऱ्या दिवशी भेडाघाट. हेही दरवर्षी ठरलेलं होतं. काका ओळखीच्या माणसाची मेटॅडोर आणायचे. धुआंधार धबधब्याचे तुषार अंगावर घ्यायचे, बाजारात संगमरवराचे हत्ती नुसते हातात घेऊन परत ठेवायचे आणि मग पंचवटी घाटावर यायचं. तिथून होड्या सुटतात. दोन्ही बाजूंनी संगमरवरी कडे उभे आणि मधून नर्मदा. होडीत आम्ही मुलं आणि काका बसायचो. आजी आणि आबा मात्र घाटाच्या पायऱ्यांवर थांबायचे.

"आजी, तू चाल नं," आम्ही म्हणायचो.

"मले पान्याचं भेव लागते," आजी म्हणायची.

आणि आबा म्हणायचे, "तिले एकटी कशी सोडू? जा तुम्ही."

आम्हाला यात काही नवल वाटत नव्हतं. आजी होतीच घाबरट. कुत्रं भुंकलं की ती पदर तोंडाला लावायची. रस्ता ओलांडताना माझाच हात धरायची. आबा म्हणजे तिचा पहारेकरी, असंच आम्ही समजायचो.

त्या वर्षी काकांचा पाय मुरगळलेला होता. ते घाटावर सतरंजीवर पाय पसरून बसले. आई, आत्या आणि काकू शिदोरी सोडत होत्या. आतेभावाने आधीच होडी ठरवून टाकली होती. दोन नावाडी, सख्खे भाऊ, दोघंही काकांच्या वयाचे. पण मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय मुलांना सोडणार नाही, असं आईने सांगितलं. माझ्या भावाने भोकाड पसरलं. त्याला आजीच पाहिजे होती. आतेभाऊ आबांना म्हणाला, "आबा, तुम्हीच चला नं. तुम्ही असल्यावर आजीले काहून भेव वाटन?"

मोठा नावाडी हसला आणि म्हणाला, "चलिए बाबूजी. बच्चे नहीं डर रहे, आप डर रहे हो क्या?"

तो गंमत करत होता. पण आबा उठून उभे राहिले. मला आठवतं, आजीने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.

"राहू द्या," ती म्हणाली. "माह्याच्यानं नाही होत. मी नाही बसत."

"चाल," आबा म्हणाले.

ती बसली. होडी निघाली तेव्हा मी तिच्याकडे पाहत होते, कारण ती घाबरून कशी ओरडेल ते पाहायची मला उत्सुकता होती. ती ओरडली नाही. पाण्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. ती सारखी आबांकडे पाहत होती. आबांनी डोक्यावरून उपरणं घेतलं होतं आणि मान खाली घालून ते होडीच्या तळाकडे पाहत बसले होते.

कडे जवळ आले तसा उजेड बदलला. ऊन वरच राहिलं, खाली सावली आणि गारवा. नावाडी नेहमीप्रमाणे हा खडक हत्तीसारखा, तो गाडीसारखा, असं दाखवत होता. पुढे पात्र अरुंद होतं. तिथे त्याने आवाज खाली आणला आणि वर बोट केलं. कड्याच्या कपारीला मोहोळं लटकली होती. आग्यामोहोळं, एकेक सुपाएवढं, काळं, आणि नीट पाहिलं तर त्याच्या अंगावरून लाटेसारखं काहीतरी सरकत होतं. "यहाँ शोर मत करना," नावाडी म्हणाला. आम्ही गप्प झालो. चुलतबहिणीने माझा हात धरला.

त्यानंतर काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तरी पुढे कित्येक वर्षं घरात त्यावर वाद होत राहिले. काकूच्या पावडरचा वास माश्यांना गेला असेल, असं आत्या म्हणायची. काकू तर होडीत नव्हतीच, पण तिने माझ्या चुलतबहिणीला पावडर लावली होती. त्या बिचारीने ते किती वर्षं ऐकून घेतलं! खरं म्हणजे वरून एक मोठा पक्षी आला, घारीसारखा. तो सरळ एका मोहोळावर झडपला आणि पोळ्याचा तुकडा पायात धरून निघून गेला. क्षणभर काहीच झालं नाही. मग ते मोहोळ कड्यावरून सुटल्यासारखं झालं आणि त्याचा काळा धूर हवेत पसरला. मला वाटलं तो धूरच आहे. आणि मग आवाज आला.

तो आवाज मी आजही सांगू शकत नाही. तो कानाने ऐकू येत नव्हता, दातांत लागत होता. नावाडी ओरडला, "भौंर! सिर ढको!" धाकट्या नावाड्याने दोर हातात धरून पाण्यात उडी मारली. मला वाटलं तो पळाला. पहिली माशी माझ्या मनगटावर बसली. विस्तव टेकवावा तसं झालं आणि मी किंचाळले.

तेवढ्यात आजी उभी राहिली. हलत्या होडीत ती सरळ उभी राहिली आणि तिने लुगडं सोडलं. पाचवारी होती ती, पण आजी तिलाही लुगडंच म्हणायची. जी बाई काकांसमोरसुद्धा डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, तिने सगळ्यांदेखत निऱ्या उपसल्या, तो गोळा पाण्यात बुडवला आणि भिजलेलं, निथळतं लुगडं आम्हा चौघांवर टाकलं.

"खाली! सगळे खाली! डोस्कं खाली!"

आम्ही होडीच्या तळाशी एकमेकांवर पडलो. वरून लुगडं, आणि लुगड्यावर आजी. तिचं वजन मला पाठीवर जाणवलं. कडा ती गुडघ्यांनी आणि कोपरांनी दाबून धरत होती.

आत अंधार नव्हता. हिरव्या काठाचं ते पांढरट लुगडं होतं. त्यातून उजेड येत होता आणि बाहेर बसणाऱ्या माश्यांच्या सावल्या दिसत होत्या. एक बसायची, मग दहा, मग कापडच दिसेनासं व्हायचं. माझ्या नाकाला कापड चिकटत होतं आणि श्वास घेतला की पाणी तोंडात येत होतं. माझा भाऊ माझ्या पोटाखाली होता. तो रडतही नव्हता, नुसता थरथरत होता. माझा फ्रॉक गरम झाला तेव्हा कळलं की त्याला लघवी झाली आहे. चुलतबहीण कानाशी पुटपुटत होती, "दीदी, मर जाएँगे, दीदी, मर जाएँगे." ती मला कधीच दीदी म्हणत नसे.

एक माशी आत शिरली. ती आमच्या चौघांच्या तोंडांमधल्या जागेत गरगर फिरली आणि आतेभावाच्या पापणीवर बसली. आमचे चेहरे इतके जवळ होते की मला तिचे पाय दिसत होते. त्याने डोळा मिटला. तो हलला असता तर लुगडं उचललं गेलं असतं. तो हलला नाही. तिने डंख मारला तेव्हा त्याच्या घशातून बारीक आवाज आला, एवढंच.

वर आजी बोलत होती. "हालू नोका. हालू नोका, माह्या लेकरांनो. आता पोचलो. हालू नोका." ती तेच तेच म्हणत होती आणि मी त्या आवाजाला धरून होते. ती बोलते आहे तोवर आम्ही जिवंत आहोत, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

मग मला दुसरा आवाज ऐकू आला. कोणीतरी रडत होतं. "माय वं... माय वं... मले घरी ने, माय..." लहान मुलासारखं, हुंदके देत. मी आधी भावाकडे पाहिलं, मग आतेभावाकडे. आमच्यापैकी कुणाचंही तोंड हलत नव्हतं. तो आवाज बाहेरून येत होता, होडीच्या दुसऱ्या टोकाकडून. होडीत आणखी एक मूल आहे असं मला वाटलं. आम्हाला न दिसलेलं, लुगड्याबाहेर राहिलेलं मूल. माश्यांपेक्षा मला त्या आवाजाची भीती जास्त वाटली.

आणि मग आजी बोलायची थांबली.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. वजन तसंच होतं, पण आवाज नव्हता. मी "आजी" म्हटलं. पुन्हा म्हटलं. वल्ह्याचा आवाज येत होता, पाण्यातून कुणाचं तरी धापा टाकणं येत होतं, पण आजी ओ देत नव्हती. तेव्हा मात्र मी हलले. आतेभावाने माझे केस मुठीत धरून मला खाली दाबलं. "नोको," तो म्हणाला. "नोको, नोको."

होडी कशाला तरी आपटली. माणसांचा गलका, ओल्या गवताचा धूर, आणि कुणीतरी लुगड्यासकट आम्हाला उचललं. नंतर कळलं की तो धाकटा नावाडी पळाला नव्हता. तो पाण्यात डुबकी मारत, दोर ओढत होडीला घाटाकडे आणत होता, आणि मोठा भाऊ तोंडाला गमछा गुंडाळून वल्ही मारत होता. त्या दोघांचेही चेहरे सुजून सारखे झाले होते.

आजीला मी घाटावर पाहिलं नाही. काकूने तिच्यावर सतरंजी टाकली होती आणि ती आणि आई मिळून कुणालाही जवळ येऊ देत नव्हत्या. मेटॅडोर शहराकडे निघून गेली. आम्हाला आत्याने दुसऱ्या एका कुटुंबाच्या जीपमधून आणलं. भात, वांग्याची भाजी, पौर्णिमेच्या उरलेल्या करंज्या, सगळं घाटावरच राहिलं.

आम्हा मुलांना थोडेच डंख होते. दवाखान्यात काटे काढून, सुई टोचून आम्हाला घरी पाठवलं. आजी आणि आबा तिथेच राहिले. त्यानंतरचे दिवस मला होडीपेक्षाही वाईट वाटतात. मोठी माणसं आत येऊन कुजबुजायची आणि आम्ही गेलो की गप्प व्हायची. आई दवाखान्यातून यायची, डबा भरायची आणि आमच्याकडे न पाहता परत जायची. शेजारच्या बाई आम्हाला जेवायला घालायच्या आणि डोक्यावरून हात फिरवायच्या. त्या हात फिरवण्यावरून चुलतबहिणीने ताडलं. "दादी मर गई," ती म्हणाली. "हमको बता नहीं रहे." मी तिला म्हटलं की असं नाही, आणि रात्र होईपर्यंत मलाही खात्री वाटायला लागली की असंच आहे. आजीच्या चपला दाराशी होत्या. त्यांच्याकडे पाहायचं नाही म्हणून आम्ही मागच्या दाराने जायला लागलो.

आबा घरी आले ते तिसऱ्या दिवशी दुपारी. काकांनी त्यांना धरून आणलं आणि पडवीतल्या खाटेवर बसवलं. त्यांचं तोंड सुजून एक डोळा बंद झाला होता. काका परत गेले. बाकीची मुलं आबांना पाहून आत पळाली. मला पाणी द्यायला सांगितलं होतं, म्हणून मी पाणी घेऊन गेले. त्यांनी भांडं घेतलं, पण प्यायले नाहीत.

"आजी मेली का?" मी विचारलं.

"नाही," आबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू होता की मी जवळ सरकले. "जित्ती हाये. आज बोलली. लुगडं कुठी हाये म्हून विचारे."

मी खाटेच्या पायाशी खाली बसले. मग, का कोण जाणे, मी विचारलं, "आबा, होडीत कोन रडे?"

त्यांनी अंगणाकडे तोंड फिरवलं. मला वाटलं आता ओरडतील. मी उठायच्या तयारीत होते.

"मी," ते म्हणाले.

आबांनी भांडं खाली ठेवलं.

"तुह्या भावाएवढा असन मी. गावाकडे जंगल होतं. माहा बाप तेंदूची पानं तोडाले जाये, मलेही नेये. एक दिवस त्याच्या डोक्यावर मोहोळ होतं, त्याले दिसलं नाही. फांदी ओढली. त्यानं मले नाल्यात ढकललं, अन् म्हने, डोस्कं काढू नोको. मी पान्यात बसून पाहत होतो. तो पळे, पडे, मंग पळे. मंग उठला नाही." त्यांनी हाताच्या पाठीने तोंड पुसलं आणि सुजलेल्या गालाला लागलं तसे कळवळले. "मी तिथंच बसलो संध्याकाळपावत. माय शोधत आली तवा निंगालो."

"मग तुम्ही भेडाघाटले काहून जाता?"

"लेकराईले दाखवा लागते नं," आबा म्हणाले. "तुमचा बाप लहान होता तवापासून जातो. होडीत नाही बसत. तुह्या आजीले माहीत हाये. तिनं पहिल्याच वर्षी सगळ्याईसमोर सांगितलं, मले पान्याचं भेव लागते, तुम्ही माह्याजवळ बसा. तवापासून दरसाल तेच सांगते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या माणसाच्या आवाजाने माझ्या हातातलं भांडं पडायचं तो हाच. त्यांचे हात मांडीवर होते आणि बोटं सदऱ्याचं टोक चुरगळत होती. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आबासुद्धा भितात, तर मग आमच्या वर कोण आहे, असं काहीतरी मला तेव्हा वाटलं. नऊ वर्षांच्या मुलीला ते नीट शब्दांत मांडता येत नव्हतं. मी त्यांच्या बोटांवर हात ठेवला, कारण मला ते पाहवेना.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आजीकडे नेलं. कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई पडली होती. चेहरा निळसर, ओठ जाड, डोळे म्हणजे दोन चिरा. आई म्हणाली, "जा, आजीजवळ जा." माझा भाऊ दारातच थांबला.

"ही आजी नाही," तो म्हणाला, आणि जोरात, "ही आजी नाही! आजी कुठी हाये?"

खाटेवरचे ओठ हलले. "इकडे ये रे, मुतऱ्या," ती म्हणाली. "माह्या लुगड्यात मुतला नं तू?"

तो आवाज तिचाच होता. भाऊ रडत रडत पुढे गेला आणि तिच्या हाताला, जिथे पट्टी नव्हती तिथे, नाक घासलं. आतेभाऊ मात्र आत आलाच नाही. तो व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचे दात वाजत होते, मे महिन्यात. पापणीवर डंख खाऊन जो हलला नव्हता, त्याचं अंग आता थांबत नव्हतं. आत्याने त्याला मिठीत घेतलं तरी थांबलं नाही.

आबा खाटेजवळच्या स्टुलावर बसले होते. ते आजीला म्हणाले, "सांगितलं मी पोरीले."

"काय?"

"सगळं."

"बरं केलं," ती म्हणाली. "मी तरी किती दिवस पान्याले भेऊ?"

काकू हसली आणि तिला रडू फुटलं.

आजी वाचली. तिच्या डाव्या डोळ्याला पुढे नीट दिसलं नाही. सुईत दोरा ओवायचं काम तिच्याकडून कायमचं गेलं. आम्ही नागपूरला परत आलो तेव्हा घरात कूलर लागला होता. आईने बटण दाबलं आणि त्याची घरघर सुरू झाल्याबरोबर मी पलंगाखाली शिरले. मला बाहेर काढायला शेजारचे आले. तो उन्हाळा नागपूरच्या उकाड्यात आम्ही कूलर न लावता काढला. आई मला झोप लागेपर्यंत हातपंख्याने वारा घालायची आणि वडील काही न बोलता ओल्या चादरी खिडकीला बांधायचे. चादर तोंडावर घेऊन मी आजही झोपू शकत नाही.

पुढच्या वर्षी आतेभाऊ आला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. त्याला गाडीत बसवलं की उलट्या व्हायच्या, असं आत्या सांगायची. आई, मी आणि भाऊ मात्र गेलो. खरं तर मला जायचं नव्हतं. विहारातून परत आल्यावर कुणीच उद्याचं काही बोलत नव्हतं. शेवटी आबाच म्हणाले, "ग्वारीघाटले जाऊ."

ग्वारीघाटला कडे नाहीत. मोकळं आभाळ आणि रुंद, संथ नर्मदा. पोहोचल्याबरोबर मी आधी झाडं पाहिली, मग देवळांचे कळस, मग होड्यांची टपं. आजीच्या लक्षात आलं. "नाही कुठीच," ती म्हणाली. "मीबी पाहून घेतलं."

नावाडी पलीकडे नेऊन आणतो म्हणाला. माझा भाऊ आधीच होडीत चढला होता. मुलांना असं विसरता येतं. आबा पायरीवर बसले आणि त्यांच्या फॅक्टरीच्या आवाजात, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं, नावाड्याला म्हणाले, "मैं नहीं आता, भैया. मेरे को डर लगता है. इनको ले जाओ."

आजपर्यंत त्यांच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नव्हता. काका नदीकडे पाहू लागले. आजीने पदर खोचला आणि माझा हात धरून ती होडीत चढली.

मधे गेल्यावर होडी थोडी डुलली. आजीने माझं मनगट इतक्या जोरात आवळलं की माझ्या बांगड्या रुतल्या. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चांगला डोळा पाण्यावर खिळला होता आणि वरच्या ओठावर घाम आला होता.

"आजी, काय झालं वं?"

"अवं, मले खरंच भेव लागते," ती म्हणाली. तिलाच त्याचं नवल वाटत होतं. "मांगच्या वर्षी तर मी पानी पाह्यलंच नव्हतं. केवढं हाये हे! याले म्हना वापस फिरव."

होडी अर्ध्यातूनच फिरली. भाऊ चिडला, चुलतबहीण खो खो हसली. पायऱ्यांवर आबांनी काकड्या चिरून ठेवल्या होत्या आणि मीठ इतकं घातलं होतं की कुणालाच खाववेना. आजी तिथेच बसून, नदीत काकड्या बुचकळून, एकेक धुऊन आमच्या हातात देऊ लागली आणि दर काकडीमागे आबांना काहीतरी बोलत राहिली.